सकू ऐकायला लागली

जव्हार, ७ ऑक्टोबर २०२४

सकू,

पत्र बघून दचकू नकोस. मेलं कोणी नाही. फोनवर बोलायचं तर तू टेकडीवर चढणार, रेंज आली की तुझ्यामागे अर्धा पाडा कान लावून बसणार. मला जे विचारायचंय ते पाड्याने ऐकायचं नाही. म्हणून बुध्याच्या जीपमधून पाठवतोय. बुध्या पत्रं फोडून वाचतो अशी मला शंका आहे, म्हणून पाकीट भाताच्या पेजेने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर कळव.

आता विचारतो. काय चाललंय?

गांधी जयंतीला एक दिवस जोडून घरी आलो. भाकरी करपली होती. मी म्हटलं, भाकरी करपली. चौदा वर्षांत मी जेव्हा जेव्हा हे म्हटलं तेव्हा तू सांगितलंस की वसतिगृहातल्या पोरांना रांधून घालतोस ना, मग बस चुलीपुढे. या वेळी म्हणालीस, "चुकलं माझं." आणि दुसरी भाकरी टाकलीस.

मग "अहो" म्हणालीस. मला वाटलं दारात कोणी साहेब आलाय, मी वळून बघितलं. कोणी नव्हतं. आपल्याकडे कोणती बाई नवऱ्याला अहो म्हणते? माझ्या आईने बापाला मरेपर्यंत नावाने हाक मारली, तीही शिवी लावून.

आणि रात्री आईच्या खोपटात झोपायला गेलीस. म्हणे तिचे गुडघे दुखतात. ती गुडघे दुखणारी बाई दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या बाजारात पायी गेली, सुकट घेऊन पायी परत आली, आणि वर मलाच म्हणाली, दमलास का रे?

बुध्या म्हणतो, देवरामची मोटरसायकल आपल्या पाड्यात असते. रविवारचं मला ठाऊक आहे. तो प्रार्थना घेतो, तू जातेस, मागच्या होळीला मीच जा म्हटलं होतं. पण बुधवारीही असते म्हणे. बुधवारी कसली प्रार्थना?

कुठेतरी पाणी मुरतंय. मी स्वयंपाकी माणूस, टोपात खाली काय लागलंय ते मला झाकण न काढता वासाने कळतं. सरळ लिही.

सावळा

 

करंजपाडा, ता. मोखाडा, १३ ऑक्टोबर

आदरणीय पती सावळा यांस सकूचा सलाम.

प्रभूच्या कृपेने घरी सर्व ठीक आहे. तुमचं पत्र मिळालं. पाकीट बंद होतं.

भाकरी करपली होती हे खरं आहे. यापुढे लक्ष देईन. अहो म्हटलेलं आवडत नसेल तर तसं सांगावं, म्हणणार नाही. आईंच्या गुडघ्यांना तेल लावते. त्या चालतात म्हणून दुखतात, आणि दुखतात म्हणून रात्री लावावं लागतं.

बुधवारी बायकांची बैठक असते.

नागली कापायला आली आहे. कधी कापायची ते तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची आज्ञाधारक,
सकू

 

जव्हार, १९ ऑक्टोबर

सकू,

"तुमची आज्ञाधारक." हे वाचून मी गॅस बंद केला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसलो. इथली पोरं रजेच्या अर्जाखाली असं लिहितात, आणि ज्या पोराच्या अर्जाखाली ते असतं ते हमखास आदल्या रात्रीच भिंतीवरून उडी मारून गेलेलं असतं.

हे पत्र तू लिहिलंस की कोणी शेजारी बसून सांगितलं? अक्षर तुझं आहे. बाकी काही तुझं नाही.

तू माझ्याकडे आलीस ती कोणाला विचारून? तुझा बाप नको म्हणाला. माझ्या आईने दार लावून घेतलं. मी स्वतः म्हणालो होतो की दिवाळी होऊ दे, मग बघू. तू गाठोडं घेऊन आलीस आणि बंद दाराला तोंड लावून आईला म्हणालीस, "उघड, पाणी कुठून भरता ते दाखव." अशी बाई मला विचारते, नागली कधी कापायची? मला नागलीतलं काय कळतं? मला दीडशे पोरांचं वरण कळतं.

आणि बायकांच्या बैठकीला देवरामची मोटरसायकल कशाला? तो बाई कधी झाला?

बरं. ऐकणारी झालीस ना, मग ऐक. काळ्याला बुध्याबरोबर इकडे पाठवून दे. तो कोंबडा अपरात्री ओरडतो, घरी आलो की मला डोळ्याला डोळा लावू देत नाही, आणि कापूया म्हटलं की तू विळा घेऊन मध्ये उभी राहतेस. आमच्या गृहपालांकडे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी पाठव.

तुझं शिव्यांनी भरलेलं पत्र येईल याची मला खात्री आहे. वाट बघतोय.

सावळा

 

करंजपाडा, २४ ऑक्टोबर

सावळा यांस,

काळ्याला पाठवत आहे. पाय बांधलेत, पण घट्ट नाहीत. टोपलीखाली ठेवला की शांत राहतो. सकाळी आधी कणी घालावी, मग पाणी. पाहुण्यांसाठी असेल तर तो जून आहे, शिजायला वेळ लागेल, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला याबद्दल काही म्हणायचं नाही.

आज्ञाधारक लिहिलेलं आवडलं नाही म्हणून लिहीत नाही.

सकू

 

जव्हार, ९ नोव्हेंबर

सकू,

काळ्या माझ्या खाटेखाली आहे. कापलेला नाही. पाहुणे कोणी येणारच नव्हते. तू भांडशील म्हणून मागितला होता, आणि तो खरंच टोपलीतून उतरला तेव्हा मी त्याला आधी कणी घातली, मग पाणी.

दिवाळीत जे बघितलं ते आता लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

चंदना आश्रमशाळेतून सुट्टीला आली होती. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बा, आई भांडत का नाही? आजारी आहे का?" तेरा वर्षांच्या पोरीलाही दिसतंय. तिला काय सांगू?

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझी बायको आहे, तू विचार. मला मध्ये घेऊ नको." माझी आई एखाद्या गोष्टीत मध्ये पडली नाही असं कधी झालंय? म्हणजे तिलाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही.

मग रविवारी मी तुझ्या मागे आलो. हो, आलो. प्रार्थनेच्या मांडवामागे कुडाला कान लावून उभा राहिलो, कारवीच्या काडीने गाल खरचटला. देवराम सांगत होता की जो प्रेम करतो तो ऐकतो, ऐकणं हीच प्रेमाची खूण. तू पुढेच बसली होतीस आणि मान हलवत होतीस. माझ्यासमोर तू कधी कोणत्या गोष्टीला मान हलवली आहेस? तेव्हा मला सगळं कळलं. ऐकायची सवय तुला तो लावतोय. आज कोंबड्याचं ऐकशील, उद्या तो म्हणेल घर सोड, तेही ऐकशील. त्या रात्रीही तू आईच्या खोपटातच गेलीस.

आपलं लग्न लागलेलं नाही. पाड्यात निम्म्यांचं लागलेलं नाही, पोरांच्या लग्नात आईबापाचंही उरकून घेतात. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. या दिवाळीत पहिल्यांदा वाटलं. तू स्वतःहून आलीस तशी स्वतःहून जाशील, कोणाला अडवता यायचं नाही. आणि तू भांडून गेलीस तर मी मागे येईन, पण तू अशी गप्प निघून गेलीस तर मी काय करू? मला भीती वाटते सकू. लिहायला लाज वाटते, पण वाटते.

म्हणून सांगतो. आजपासून देवरामच्या मांडवात पाय ठेवायचा नाही. रविवारी नाही आणि बुधवारीही नाही. प्रेम करतो तो ऐकतो ना? मग ऐक.

सावळा

 

करंजपाडा, १४ नोव्हेंबर

सावळ्या,

नाही ऐकणार.

करपलेल्या भाकरीचं ऐकलं, कोंबड्याचं ऐकलं. नागली कधी कापू विचारलं, तू काही सांगितलंच नाहीस, म्हणून ती तशीच उभी ठेवली आणि निम्मी पाखरांनी खाल्ली. तेही ऐकलं. हे ऐकणार नाही.

तुला वाटलं मी काहीतरी लपवायला गप्प बसले. अरे येड्या, गप्प बसून माझी जीभ सुजली. देवरामभाऊची बायको पुष्पलताताई बुधवारी आम्हा बायकांना घेऊन बसते. तो तिला सोडायला येतो आणि बैठक होईपर्यंत आपला हातपंप खोलून बसतो. ही तुझी बुधवारची मोटरसायकल. पाणी बरं येतंय हल्ली, ते बुध्याने सांगितलं नाही वाटतं.

ताईने सांगितलं, जिचा नवरा प्रभूच्या विश्वासात नाही तिने त्याला तोंडाने शिकवायला जाऊ नये. शब्द न बोलता, वागण्याने जिंकावं. मला ते लगेच पटलं, कारण तोंडाने मी तुला चौदा वर्षं शिकवतेय आणि तू काडीचा शिकला नाहीस. मग ठरवलं, शब्द नाही म्हणजे नाही. अहो म्हणणंही तिच्याकडूनच उचललं, ती नाशिककडची आहे.

त्यातून दुसरं निघालं. मला बाप्तिस्मा घ्यायचाय. ताई म्हणाली, आधी लग्न लावून घ्या, आणि ते होईपर्यंत वेगळं झोपलेलं बरं. म्हणून आईकडे झोपते. आईला कारण सांगितलं आणि गप्प राहायला सांगितलं, आणि ती गप्प राहिली, हेही आश्चर्यच. आता तुला लग्नाचं विचारायचं कसं? विचारलं तर शब्द बोलल्यासारखं होतं. मी चांगली वागते, मुकाट ऐकते, हे बघून तुझं तुलाच कळेल आणि तूच विचारशील, म्हणून वाट बघत बसले. तू मला कोंबडा मागितलास.

काल हे सगळं ताईसमोर बाहेर पडलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं बाई, देवधर्माचं डोकं खाऊ नको म्हटलं होतं. लग्नाचं विचारू नको असं कोणी म्हटलं?" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

कुडामागे उभा राहून तू अर्धंच ऐकलंस. त्याच्या आधी देवरामभाऊ म्हणाला होता की प्रेम पहिल्यांदा देवाने केलं, आपण कसे आहोत ते बघूनसुद्धा केलं. ऐकणं त्याच्यानंतर येतं. सावळ्या, मला जन्मभर सगळ्यांनी ऐक म्हटलं. बापाने म्हटलं, शाळेत म्हटलं, वीटभट्टीवर मुकादमाने म्हटलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, काठी तरी नाहीतर भाकरी तरी. म्हणून मी कोणाचं म्हणून ऐकत नव्हते. ऐकलं की हरले, असं वाटायचं. त्या मांडवात पहिल्यांदा कोणी, त्या देवाने, म्हटलं की तू मला आवडतेस, आता माझं ऐकतेस का? मी खूप रडले. घरी येताना वाटेत मनात आलं की जगात आणखी एकच माणूस आहे ज्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही आणि कधी उपाशी ठेवलं नाही. त्याचं एकदा ऐकून बघावं. म्हणून तुझं ऐकत होते. मला ते देवरामने सांगितलं नव्हतं.

मांडव सोड म्हणू नको. तुझं ऐकायला मी तिथेच शिकले.

आता तोंडाने विचारते. माझ्याशी लग्न करतोस का?

सकू

 

जव्हार, २५ नोव्हेंबर

सकू,

"सावळ्या" वाचलं आणि बरं वाटलं. इतकं की पोरांच्या वरणात दोनदा मीठ पडलं.

पण मी भोळा असलो तरी खुळा नाही. हे पत्र तू त्या बुधवारनंतरच का लिहिलंस? मी मांडव बंद केल्यावरच तुझं तोंड का उघडलं? आमचा शिपाई तुळशीदास म्हणतो, असंच असतं. आज लग्न, उद्या बाप्तिस्मा, परवा नवऱ्याला म्हणतात तूही चल, तेरवा म्हातारीच्या देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत. त्याच्या मेव्हण्याच्या घरी झालंय म्हणे. तुळशीदास निम्मं खोटं बोलतो, पण उरलेल्या निम्म्याचं काय?

लग्न करतो. मनापासून करतो. पण आपल्या रीतीने. आपली धवलेरी म्हातारी येईल, भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहू, ती लग्नाची गाणी म्हणेल, घरच्या देवांना आणि वाडवडिलांना बोलावेल. आईला तिच्या डोळ्यांनी सून नवरी झालेली दिसेल. त्यात देवराम नको आणि त्याचा मांडव नको.

एवढं ऐकलंस तर मी समजेन की तू माझं ऐकत होतीस, त्याचं नाही. नाही ऐकलंस तरी मला उत्तर मिळेलच. तोवर मी घरी येत नाही. आलो की तू आईकडे झोपायला जातेस ते मला बघवत नाही.

सावळा

 

करंजपाडा, २७ डिसेंबर

सावळ्या,

महिना गेला. रुसले नव्हते, विचार करत होते. मला विचार करायला वेळ लागतो, भांडण पटकन येतं.

तुझ्या रीतीचं लग्न मला जमणार नाही. धवलेरी वाईट आहे म्हणून नाही, तिच्या गाण्यावर मी लहानपणी नाचलेय. पण ती देवांना बोलावते तेव्हा नवरीला हात जोडावे लागतात. माझा विश्वास आता तिथे उरलेला नाही. खोट्या तोंडाने त्यांना हाक मारली तर मी माझ्या देवाशी खोटं बोलले, आईच्या देवांशी खोटं बोलले आणि भर मांडवात तुझ्याशीही खोटं बोलले. तुला खोटी बायको हवी असती तर ती आज्ञाधारक काय वाईट होती?

तुला ते पटत नसेल तर मग कोणतंच लग्न नाही. पण तू लिहिलंस की मी निघून जाईन अशी भीती वाटते, ते मात्र मनातून काढून टाक. मी कुठे जात नाही. मी आईच्या खोपटात राहीन. तू आलास की भाकरी करीन, करपली तर करपली. शेत बघीन, चंदनाला शिकवीन, तू आजारी पडलास तर उशाशी बसेन. रात्री आईजवळ झोपेन. दोघं म्हातारे होईपर्यंत असंच चाललं तर चालू दे. बाप्तिस्मा मिळाला नाही तर नाही मिळाला. तुला सोडून मला तो घ्यायचा नाही, आणि खोटं बोलून मला तू घ्यायचा नाहीस. यापेक्षा वेगळं मला काही सुचत नाही.

हे देवरामभाऊने सांगितलेलं नाही. त्याला विचारलेलंही नाही.

आई म्हणाली, काय लिहिलंस ते वाचून दाखव. दाखवलं. ती चुलीतली लाकडं उगाच सारखी करत बसली. मग म्हणाली, "त्याला लिही की नाताळाला सगळ्यांची माणसं घरी आली." ते तिचं आहे, मी फक्त लिहिलं.

सकू

 

जव्हार, १९ जानेवारी २०२५

सकू,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी ठरवलं होतं की तुला लिहायच्या आधी देवरामला गाठायचं. पत्र तू गोड लिहितेस, पण पढवणारा तो आहे, हे माझ्या डोक्यातून जाईना.

परवा तो पंपाचे वायसर घ्यायला जव्हारला आला. बुध्याने खबर दिली. मी गेलो आणि म्हटलं, बोलायचंय. वसतिगृहात भिंतींना कान आहेत, म्हणून शिरपामाळावर गेलो. त्याच्याच मोटरसायकलवर, त्याच्याच मागे बसून. माझी काय दशा झाली होती ते यावरून बघ.

तिथे कड्याजवळ बसलो आणि मी सरळ म्हटलं, "देवराम, सकूला मोकळी कर. ती तुझं ऐकते. तू सांग की नवऱ्याच्या घरी जा, ती येईल."

मला वाटलं आता त्याच्या ग्रंथातली वचनं सुरू होणार. तर तो म्हणाला, "माझं? सावळाभाऊ, माझं कधी ऐकलंय तिने?"

आणि मग जो सुरू झाला तो थांबेना. नोव्हेंबरात तुझं सगळं कळल्यावर तो म्हणाला होता म्हणे की पत्र नको, आत्ताच्या आत्ता जव्हारला जा आणि नवऱ्याला तोंडावर विचार. तू म्हणालीस, "माझा नवरा आहे, कसं विचारायचं ते मी बघते." नाताळाच्या आधी तो म्हणाला, मी सावळाशी बोलतो. तू म्हणालीस, "त्याच्या जवळ गेलात तर मी इथे यायची बंद होईन." तो म्हणाला, बाप्तिस्म्याची घाई नाही, तू आपली नवऱ्याच्या घरी राहा, देव समजून घेईल. तर तू भर मांडवात त्याला विचारलंस, "लग्न आधी हे तुम्हीच शिकवलं ना? मग आता मीच का सूट घेऊ?" गाणं हळू म्हण म्हटलं की तू मोठ्याने म्हणतेस. तो तुझ्यासाठी प्रार्थना करायला लागला की तू डोळे उघडून विचारतेस, नक्की काय मागताय? बिचारा अगदी रडकुंडीला आला होता. म्हणाला, "आमच्यात सगळ्यात कमी ऐकणारी बाई तीच आहे. तुम्ही तिला घरी कसं सांभाळता?"

सकू, मी हसायला लागलो. समोर दरी, पलीकडे मुंबईची माणसं फोटो काढत होती, आणि मी पोट धरून हसत होतो. हसता हसता रडू आलं ते थांबेना. देवराम घाबरला, त्याने माझा दंड पकडून मला कड्यापासून मागे ओढलं.

तू कोणाचं ऐकत नाहीस. बापाचं ऐकलं नाहीस, मुकादमाचं ऐकलं नाहीस, आणि ज्याच्या पायाशी बसतेस असं मला वाटत होतं त्याचंही ऐकत नाहीस. माझं ऐकलंस. भाकरी करपली तेव्हा चुकलं म्हणालीस ते मला म्हणालीस. आणि मी तिकडे तुझ्या प्रत्येक शब्दात विष शोधत बसलो होतो. तू मला जन्मात कधी दिलं नव्हतंस असं काहीतरी देत होतीस आणि मी ते पोलिसासारखं उलटंसुलटं करून बघत होतो. माझं चुकलं. हे मी पहिल्यांदा लिहितोय, जपून ठेव.

२ फेब्रुवारीला रविवार आहे. देवरामच्या मांडवात लग्न करू. मी त्याला विचारलं, मी विश्वासातला नाही, चालेल का? तो म्हणाला, तुम्ही चौदा वर्षं एका घरात राहिलात, आता मी काय नाही म्हणणार, आणि नाही म्हटलं तर ती माझं ऐकणार आहे का? सुट्टी मंजूर झालीय. चंदनाच्या शाळेत मी जाऊन सांगितलंय.

काल आईशी फोनवर बोललो. ती टेकडीवर चढली होती, पाडाही चढला होता, मला आता त्याचं काही नाही. सांगितलं. ती म्हणाली, "आणि घरच्या देवांना काय सांगायचं?" मी म्हटलं, "शनिवारी मी येतो. नारळ फोडतो, दिवा लावतो, आणि मीच त्यांना सांगतो की लग्न दुसरीकडे आहे, पण सून तीच आहे." मग तिने विचारलं, "त्या मांडवात चपला काढायच्या की घालून बसायचं?" ते मला माहीत नाही. तिला तू सांग.

शनिवारी रात्री तू आईकडेच झोप. मी विचारणार नाही.

देवाचं मला अजून काही कळलेलं नाही, आणि कळेलच असं नाही. बाप्तिस्म्यासाठी पाण्यात मी उतरणार नाही, तेही देवरामला सांगून ठेवलंय. पण रविवारी त्या मांडवात कुठे उभं राहायचं, कोणता हात पुढे करायचा, काय म्हणायचं, ते सगळं लिहून पाठव. त्यात मला खरं वाटणार नाही असं काही असेल तर आधी सांग, म्हणजे ते सोडून बाकीचं म्हणेन. देवरामला मी विचारणार नाही. तू सांग, मी ऐकतो.

सावळ्या